चिकाचा लेप चिकटच राहतो: दोष चिकात, पेटीत की वस्तूत?

लेप लावून पाच-सहा दिवस झाले. वरून छान चकाकतोय, पण बोट टेकवलं की ठसा उठतो आणि बोट उचलताना ओढ लागते. उरुशी या चीन-जपानकडच्या झाडाचा चीक वस्तूंवर लेप म्हणून चढवणाऱ्यांना ही अडचण पुन्हा पुन्हा येते. एका खेपेला डब्यातला चीक रात्रीत धरतो, म्हणजे घट्ट होतो, पुढच्या खेपेला त्याच डब्यातला आठवडा उलटला तरी जागचा हलत नाही. मग ठरलेले उपाय सुरू होतात: पंखा लावा, उन्हात ठेवा, बल्बची ऊब द्या. पॉलिशला आणि तैलरंगाला हे उपाय थोडेफार लागू पडतात. इथे त्यांनी दुखणं वाढतं.

लाखेच्या पॉलिशमधलं स्पिरिट उडून गेलं की काम संपतं. या चिकातून तसं काही उडून जायचं नसतं. झाडाला खाचा पाडून काढलेल्या ताज्या चिकात साधारण 60 ते 65 टक्के उरुशिऑल हा तेलकट पदार्थ असतो, 20 ते 30 टक्के पाणी, पाच-सात टक्के डिंक, थोडी प्रथिनं आणि जेमतेम 0.2 टक्के लॅकेझ नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. पाण्याचे बारीक थेंब तेलात विखुरलेले असतात आणि डिंक व लॅकेझ त्या थेंबांमध्ये असतात. लेप धरायला सुरुवात करून देण्याचं सगळं काम या 0.2 टक्क्याकडे आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी 1883 साली चीक घट्ट होण्यामागे असा एक घटक असल्याचं दाखवलं आणि 1894 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गाब्रिएल बर्त्रां यांनी त्याला लॅकेझ हे नाव दिलं.

लॅकेझच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात. उरुशिऑलमधून इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, ते हवेतल्या ऑक्सिजनला द्यायचे आणि त्या ऑक्सिजनचं पाणी करायचं, हा त्याचा उद्योग. इलेक्ट्रॉन गमावलेले उरुशिऑलचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लेप धरतो. हा पहिला टप्पा काही तासांचा किंवा एक-दोन दिवसांचा. त्यानंतर उरुशिऑलच्या लांब शेपटीतले दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन घेऊन, जवसाच्या तेलात होतं तसं, आपसात जाळं विणत राहतात. हा दुसरा टप्पा आठवडे-महिने चालतो आणि त्यात एन्झाइमची गरज नसते. पहिला टप्पा पार पडला असेल तर लेप हाताला कोरडा लागतो, फक्त नखाने दबतो. अशा लेपाला काहीही झालेलं नाही, त्याला फक्त वेळ द्या. बोटाला ओढ लागत असेल तर अडकलेला आहे पहिला टप्पा, आणि पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

हवा कोरडी असली की पातळ थरातलं पाणी निघून जातं, आणि पाण्याविना लॅकेझ थंडावतं. पंखा आणि ऊन नेमकं हेच करतात. कपडे वाळायला जी हवा हवी, तिच्या बरोब्बर उलट हवा या लेपाला लागते: 20 ते 30 अंश सेल्सिअस आणि 70 ते 80 टक्के सापेक्ष आर्द्रता. म्हणून लेप दिलेली वस्तू बंद दमट पेटीत ठेवतात. जपानी कारागीर तिला मुरो किंवा फुरो म्हणतात.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. तरीही अडचण फिरून येते, कारण शोध अंदाजाने चालतो. कोणी चीक बदलतो, कोणी पेटीत आणखी एक ओलं फडकं टाकतो, कोणी दोन्ही एकदम करतो, आणि नेमकं कशाने बरं झालं हे कळतच नाही.

आधी साक्षीदार उभा करा

माझ्या मते या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे साधी काचपट्टी. काच काही शोषत नाही, तिच्यातून काही पाझरत नाही आणि ती स्पिरिटने पूर्ण साफ होते. वस्तूला लेप देताना त्याच ब्रशने, त्याच वाटीतला चीक दोन काचपट्ट्यांवर ओढा. जाडी सारखी राहावी म्हणून पट्टीच्या दोन्ही कडांना साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि मधला चीक पात्याने खरवडत न्या. थर साधारण 50 मायक्रॉनचा मिळतो.

एक पट्टी वस्तूशेजारी पेटीत ठेवायची. दुसरी घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात. त्या डब्यात एका वाटीत मीठ आणि मीठ जेमतेम भिजेल एवढंच पाणी घालून तयार केलेला ओला रबडा ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा घरातल्या नेहमीच्या तापमानांना 75 टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. निसर्गाने फुकट दिलेलं मोजमाप आहे हे. फक्त मीठ पट्टीला लागू देऊ नका, कारण क्लोराइड अनेक लॅकेझना अडवतं.

दुसऱ्या दिवशी बघा. पेटीतली पट्टी धरली आणि वस्तू चिकट, तर दोष वस्तूत किंवा थराच्या जाडीत. पेटीतली चिकट पण डब्यातली धरलेली, तर दोष पेटीत. दोन्ही चिकट, तर चीक किंवा ब्रश. दोन्ही धरल्या आणि वस्तूही धरली, तर मागच्या खेपेला कशात फरक होता ते आठवा. बहुधा हवामानात असतो.

पेटी

सगळ्यात जास्त वेळा गडबड इथेच असते, आणि तीही आर्द्रतामापकावर विश्वास टाकल्यामुळे. स्वस्त डिजिटल मापक पाच-दहा टक्के खोटं बोलणं काही विशेष नाही. तो मापक त्याच मिठाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 च्या जागी 83 दाखवत असेल तर तुमची पेटी 72 वर आहे असं तुम्ही समजत होतात तेव्हा ती 64 वर होती.

दुसरी गोष्ट उबेची. थंडी पडली, लेप धरेना, म्हणून पेटीत हीटर किंवा बल्ब लावला आणि मग तर अजिबातच धरेना, ही तक्रार ठरलेली. 20 अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे 17.3 ग्रॅम पाण्याची वाफ मावते, 30 अंशांना 30.4 ग्रॅम. म्हणजे 20 अंशांवर 80 टक्के आर्द्रता असलेली पेटी नवं पाणी न घालता 30 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 45 टक्क्यांवर उतरते. ऊब दिली, पण लॅकेझच्या तोंडचं पाणी काढून घेतलं. ऊब द्यायचीच तर पेटीच्या तळाशी पाण्याचं पसरट भांडं ठेवून ते भांडं तापवा, हवा नव्हे.

लाकडी पेटी नवी किंवा बरेच दिवस कोरडी पडलेली असेल तर तिच्या फळ्याच आधी पाणी पितात. वस्तू आत जाण्याच्या कितीतरी आधी आतल्या फळ्या ओल्या फडक्याने पुसून ठेवायच्या. आणि उलटही होतं: थंड खोलीतून आणलेली मातीची किंवा धातूची वस्तू सरळ उबदार दमट पेटीत ठेवली की तिच्या अंगावर दव धरतं. मग लेपावर धुरकट, पांढुरके डाग येतात. वस्तूला आधी पेटीच्या तापमानाच्या जवळ येऊ द्या.

अरुंद तोंडाच्या बाटलीत किंवा खोल पेल्यात आतला लेप चिकट आणि बाहेरचा कोरडा राहतो, हेही पेटीच्याच खात्यात जातं. आत हवा खेळत नाही, दमटपणाही पोहोचत नाही. वस्तू आडवी करा, दिवसातून दोनदा फिरवा आणि आतली हवा एखाद्या रबरी फुग्याने बदला.

चीक

दोन्ही पट्ट्या चिकट राहिल्या तर डब्याकडे वळा. पहिला प्रश्न: वापरण्यापूर्वी तळापासून ढवळला होता का? पाण्याचे थेंब आणि डिंक वेगळे होऊन खाली बसतात, आणि लॅकेझ त्यांच्याबरोबर जातं. वरवरचा सुंदर, पारदर्शक भाग काढून वापरला की हाती येतं नुसतं तेल. हे बाळबोध वाटेल, पण महिना-दोन महिने न हललेल्या डब्यात मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

दुसरं वय. लॅकेझ साठवणीत हळूहळू मरतं, उष्णतेत भराभर. डबा थंड जागी, पृष्ठभागावर कागद किंवा प्लास्टिक चिकटवून ठेवावा. शुद्ध केलेला, पाणी उडवलेला चीक घेतला असेल तर तो मुळातच सावकाश धरतो. कच्च्या चिकाला ढवळत ढवळत मंद ऊब देऊन पाणी तीन ते पाच टक्क्यांपर्यंत आणतात, आणि त्या वेळी तापमान 40-45 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. कोणी घाई करून जास्त तापवला असेल तर तो चीक दिसायला उत्तम आणि कामाला मेलेला असतो. उपाय साधा आहे: ताजा कच्चा चीक थोडा थोडा मिसळत प्रत्येक मिश्रण काचपट्टीवर बघा आणि जिथे रात्रीत धरतं तिथे थांबा.

पातळ करण्यासाठी घातलेलं टर्पेंटाइन किंवा कापूर थोडा असेल तर चालतो. ब्रश सहज फिरावा म्हणून सैल हाताने ओतलं तर धरायला उशीर होतो आणि थरही भुसभुशीत राहतो. मुळात सॉल्व्हंटशिवाय काम होतं हे या लेपाचं पर्यावरणाच्या दृष्टीने मोठं बलस्थान आहे. ते आपल्याच हाताने घालवण्यात अर्थ नाही.

झाड कुठलं हेही विचारा. चीन, जपान, कोरियातल्या झाडाचं उरुशिऑल, व्हिएतनाम आणि तैवानमधल्या जातीचं लॅकॉल, म्यानमार-थायलंडकडच्या झाडाचं थिट्सिऑल, हे तिन्ही एकाच घराण्यातले. पण त्यांच्या शेपट्या वेगळ्या आहेत आणि शेवटचे दोन सावकाश धरतात. उरुशीचं वेळापत्रक त्यांना लावून 'बिघडला' म्हणू नका.

प्रयोगशाळा हाताशी असेल तर अंदाजच नको. थोडा चीक अ‍ॅसिटोनने धुतला की उरुशिऑल विरघळून जातं आणि पांढुरकी भुकटी उरते, तिच्यात डिंक आणि लॅकेझ असतं. ती पाण्यात घेऊन ग्वायाकॉल हे रसायन घातलं आणि तांबूस-तपकिरी रंग चढला तर एन्झाइम जिवंत. रंग चढलाच नाही तर पेटीवर आणखी वेळ घालवू नका.

आता बाहेरून एन्झाइम घालणाऱ्यांबद्दल. बाजारात मिळणारं लॅकेझ बहुतेक बुरशीचं असतं. त्याला आम्लधर्मी परिस्थिती मानवते, झाडाचं लॅकेझ उदासीनच्या आसपास रमतं. शिवाय भुकटी तेलकट चिकात टाकून ढवळली तर ती गोळ्या होऊन तशीच पडून राहते. आधी थोड्या योग्य बफरमध्ये (आम्लता ठरावीक राखणाऱ्या द्रावणात) विरघळवून मग ते पाणी चिकात घोटून बारीक थेंबांचं मिश्रण करावं लागतं. ही भुकटी श्वासातून गेली तर अ‍ॅलर्जी देते, म्हणून मास्क लावूनच हाताळा.

काजूच्या टरफलाच्या तेलावर हाच प्रयोग करणाऱ्यांची निराशा मला वेगळी वाटते, कारण तिथे पेटी, ब्रश, थर सगळं बरोबर असूनही काही होत नाही. तापवून काढलेल्या त्या तेलात मुख्यतः कार्डेनॉल असतं. उरुशिऑलच्या रेणूतल्या कार्बनच्या कड्यावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचे) गट असतात, कार्डेनॉलवर एकच. असा एकच गट असलेल्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढणं अवघड जातं. झाडाच्या लॅकेझची ओढ त्याला पुरत नाही: त्याचं रेडॉक्स विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, 0.43 व्होल्टच्या आसपास, तर ट्रॅमेटेस बुरशीच्या लॅकेझचं 0.78 च्या आसपास. म्हणून कच्च्या चिकाचा थोडा अंश घालून कार्डेनॉल दमट पेटीत पकेल ही आशा सोडावी. क्योटो विद्यापीठात शिरो कोबायाशी यांच्या गटाने कार्डेनॉलपासून कृत्रिम उरुशी बनवताना सोयाबीनचं पेरॉक्सिडेझ हे वेगळं एन्झाइम आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही जोडी वापरली. तिथली नेहमीची चूक म्हणजे पेरॉक्साइड एका दमात ओतणं. त्याने एन्झाइमच मरतं. थेंबाथेंबाने, ढवळत घाला.

वस्तू आणि ब्रश

पट्टी धरली आणि वस्तू चिकट, तर चिकट जागांचा आकार बघा. बोटांच्या ठशांएवढे डाग असतील तर घाम आणि तेल. हातमोजे घाला आणि लेपाआधी स्पिरिटने पुसा. चिकट भाग लाकडाच्या रेषांप्रमाणे जात असेल तर लाकूडच बोलतंय. सागवान, शिसवी अशा तेलकट लाकडांतले घटक ऑक्सिडीकरण रोखतात. अशा लाकडाला स्पिरिटने पुसल्यावर लगेच, तेल पुन्हा वर यायच्या आत, पातळ कच्च्या चिकाचं अस्तर चोळून द्या आणि ते पूर्ण धरल्याशिवाय पुढचा हात देऊ नका. कोरडं, भुकेलं लाकूड याउलट थरातलं पाणीच ओढून घेतं. त्यालाही अस्तर हाच उपाय.

रंगद्रव्य घातलेला हात चिकट आणि न घातलेला ठीक, असं असेल तर रंगद्रव्य संशयित आहे. हिंगूळ, लोहाच्या ऑक्साइडचा तांबडा, काजळी, टायटॅनियम डायऑक्साइड यांचं चिकाशी जमतं. शिसं किंवा जस्त असलेले पांढरे रंग उरुशिऑलशी अभिक्रिया करतात आणि काळवंडतात.

आणि आता तो गुन्हेगार ज्याच्यावर कोणाचाच संशय जात नाही. काम झाल्यावर ब्रश वनस्पती तेलाने धुऊन, तेलातच भिजवून ठेवायची पद्धत आहे आणि ती योग्यही आहे, नाहीतर केस दगडासारखे होतात. पण पुढच्या वेळी ते तेल पुरतं निघालं नाही तर पहिल्या काही फटकाऱ्यांत ते चिकात उतरतं. न वाळणारं तेल थरात अडकलं की तिथला लेप कायमचा चिकट. ओळखायची खूण: वस्तूवर जिथून सुरुवात केली तिथे चिकट, पुढे पुढे ठीक. पहिली काचपट्टी चिकट आणि शेवटी ओढलेली कोरडी, हीही तीच खूण. वापरण्यापूर्वी ब्रश टर्पेंटाइनने धुवा, मग थोडा चीक घेऊन काचेवर पिळत-दाबत दोन-तीनदा घोळवा आणि तो चीक टाकून द्या. महाग वाटतो, पण वस्तू पुन्हा घासण्यापेक्षा स्वस्त पडतो.

सुरकुत्या पडल्या तर

हा चिकटपणाचा उलटा अवतार. थर जाड, पेटी जास्त दमट, आणि वरची साय इतकी पटकन धरते की खालचा चीक हवेपासून तुटतो. साय फुगते, आक्रसते, खाली मऊच राहतं. जाड थर दिलाच असेल तर पहिले काही तास 60-65 टक्क्यांवर ठेवा, मग वाढवा. हळू धरलेला लेप जास्त पारदर्शक आणि रंगाला उजळ राहतो, घाईत धरलेला काळपट होतो. त्यामुळे लाल रंगाला तर हीच चाल बरी. पडलेल्या सुरकुत्या दाबून बसत नाहीत. साय पात्याने काढा, खालचं धरू द्या आणि वॉटर पेपरने घासून सपाट करा.

अडकलेल्या वस्तूचं काय करायचं

पेटीचा दोष होता तर पेटी सुधारून वस्तू आणखी तीन-चार दिवस आत ठेवा. थरातलं एन्झाइम थंडावलेलं असलं तरी बऱ्याचदा ओल मिळाल्यावर कामाला लागतं. चीक म्हातारा होता तर ताज्या कच्च्या चिकाचा अगदी पातळ हात फडक्याने चोळून, लगेच पुसून बघा, कधी कधी वरचा थर खालच्याला सावरून घेतो. तेल मिसळलं असेल तर हे दोन्ही उपाय फुकट आहेत. टर्पेंटाइन आणि स्पिरिटने सगळं पुसून नव्याने सुरुवात करा. चिकट लेपावर पावडर टाकून तो कोरडा भासवणं म्हणजे पुढच्या हाताची वाट लावणं.

धातू आणि भाजलेल्या मातीच्या वस्तूंना आणखी एक वाट आहे. 120 ते 180 अंशांच्या भट्टीत उष्णतेनेच लेप पक्का होतो, एन्झाइम मेलेलं असलं तरी. लोखंडी चिलखतांवर आणि किटल्यांवर असेच लेप चढवत. लाकडाला ही वाट बंद आहे. भाजताना निघणारी वाफ घराबाहेर जाईल अशी सोय हवी.

शेवटी अंगाची काळजी. उरुशिऑल आणि बिब्ब्यातलं तेल यांचं रसायन जवळचं, दोन्ही झाडं आंबा-काजूच्याच कुळातली. बिब्बा उततो तसाच हा चीकही उततो, आणि काहींना पहिल्यांदा काही होत नाही पण पुढच्या खेपेला भरभरून उठतं. लेप चिकट आहे तोवर तो अंगावर उठू शकतो, म्हणून ठसा उठतो का हे उघड्या बोटाने तपासू नका. नायट्राइलचे मोजे वापरा. लेटेक्समधून उरुशिऑल आरपार जातं. कातडीला लागलंच तर आधी वनस्पती तेलाने पुसून मग साबणाने धुवा, आणि ती तेलाची वाटी ब्रशच्या वाटीपासून लांब ठेवा.